‘आधी वाजवून दाखवा’: पास्कोल तुस्कानो यांच्या बेसमेंटमधली शिकवण

पास्कोल तुस्कानो यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्तानं निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी लिहावं, असा संपादक मंडळाचा निरोप आला. निरोपासोबत सूचनाही होत्या: कार्य, मूल्यं आणि व्यक्तिगत आठवणी असे वेगवेगळे भाग करावेत. मी प्रयत्न करून पाहिला. पण ज्या माणसाचं काम, स्वभाव आणि माया एकाच टेबलावर, एकाच दिव्याखाली बघितली, त्यांचे भाग पाडणं मला जमेना. संपादकांनी राग मानू नये.

आमची पहिली ओळख झाली ती माझ्या चिडचिडीतून. माझ्या मुलानं शाळेच्या बँडसाठी घेतलेलं क्लॅरिनेट, तो युनिव्हर्सिटीत गेल्यावर, कपाटात पडून होतं. इथे कॅनडात, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलातली लॅबची नोकरी करून घरी आल्यावर मी ते वाजवायला शिकले आणि पुढे आमच्या कम्युनिटी बँडमध्ये शिरलेसुद्धा. सगळं बरं चाललं होतं, फक्त खालचे सूर येईनात. कधी येत, कधी नुसती चिरकी निघे. बँडमधल्या प्रत्येकानं मला रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाची वेताची पट्टी, बदलायला सांगितलं. मी रीड बदलल्या, मग तोंडाकडचा भाग बदलला. दुकानातून क्लॅरिनेट दुरुस्त करून आणलं, तर महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी कोणीतरी म्हणालं, माउंटनवर, म्हणजे गावाच्या वरच्या भागात, एक म्हातारा माणूस आहे, तो बेसमेंटमध्ये क्लॅरिनेट बघतो.

मी फोन केला. पलीकडून खणखणीत इंग्रजी आलं, मीही माझं हॉस्पिटलातलं इंग्रजी काढलं. थोड्या वेळानं पलीकडचा आवाज थबकला.

“यू आर फ्रॉम व्हेअर?”

“ठाणे. इंडिया.”

“अहो बाय, मग आपण दोघं इंग्लिश कशाला झाडतोय? मी वसईचा. या उद्या. आणि पार्किंग साइड-स्ट्रीटवर करा, इथं तिकीट देतात.”

आमच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांतही बायकांना ‘बाय’च म्हणतात. कॅनडात इतकी वर्षं काढून कोणी मला, रिबेकाला, पहिल्याच वाक्यात ‘बाय’ केलं नव्हतं. माझा अर्धा राग तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडून दोष सांगायला लागले, तर पास्कोलदादांनी हात वर केला. “सांगू नका. आधी जोडून दाखवा. मग वाजवून दाखवा.” मी क्लॅरिनेटचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे घेतले आणि नेहमीसारखे पिळून एकमेकांत बसवले. दादा वाद्याकडे बघतच नव्हते, ते माझ्या हातांकडे बघत होते. या दोन तुकड्यांच्या सांध्यावर एक चिमुकली पट्टी असते. वरच्या भागातली कडी दाबली की ती हालचाल या पट्टीवरून खालच्या भागात पोहोचते. दादा तिला पूल म्हणतात. जोडताना वरची कडी दाबून धरली, तर पूल उचलला जातो आणि दोन्ही तुकडे सुखानं बसतात. मी मात्र पुलालाच मूठ आवळून पिळत होते. दुकानदार तो सरळ करून देई, मी घरी येऊन रोज थोडा थोडा वाकवी.

दुसऱ्या कोणी मला चार शब्द सुनावले असते. दादा म्हणाले, “तुमची आणि याची अजून नीट ओळख झालेली नाही, एवढंच.” त्यांनी पूल सरळ केला, माझ्याकडून पुन्हा पुन्हा जोडून घेतलं आणि खालचे सूर आल्यावर वरच्या मजल्यावर हाक मारली, “मार्था, दोन कप चहा ठेव. ठाण्याची बाय आलीय.”

त्यानंतर त्या बेसमेंटमध्ये माझं जाणं-येणं सुरू झालं आणि निवृत्तीनंतर तर मी त्यांच्या टेबलाच्या उरलेल्या बाजूला माझं स्टूलच मांडलं. मी त्यांची शिष्या आहे हे मी सगळीकडे छाती काढून सांगते. विनिपेगहून, कोक्विटलामहून लोक कुरियरनं क्लॅरिनेटं पाठवतात, ती या बेसमेंटमध्ये येतात. त्यांतली काही आता माझ्या वाट्याला येतात याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवण्याइतकी मी विनयशील नाही.

दादांचे वडील वसईला बँडमास्तर होते. आपल्याकडच्या लग्नांत आणि सणांना बँड किती महत्त्वाचा, हे वसईकरांना सांगायला नको. वडिलांचं लाकडी क्लॅरिनेट पुढे दादांकडे आलं. ते घेऊनच ते हॅमिल्टनला आले, पोलादाच्या कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांवर काम करून निवृत्त झाले आणि संध्याकाळी बेसमेंटमध्ये इतरांची वाद्यं बोलती करत राहिले.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. क्लॅरिनेट बिघडलं की बहुतेकांना सगळंच एकदम दुरुस्त करायची घाई होते. दादांचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट हलवायची, मग वाजवायचं, मगच पुढची. लॅबमध्ये आयुष्य गेल्यामुळे मला हा नियम ताबडतोब पटला. चावीखालचं मऊ गादीसारखं पॅड भोकावर नीट बसतं की नाही, हे बघायला ते अगदी पातळ कागदाची अरुंद पट्टी पॅडखाली सरकवतात, चावी हलकेच मिटतात आणि कागद ओढतात. सगळीकडून सारखा अडकला तर पॅड ठीक, एका बाजूनं सहज सुटला तर तिथून हवा जाते. ऐकायला सोपं आहे. पण कागद किती अडकला, हे बोटाच्या टोकानं ओळखायचं असतं आणि ते टोक तयार व्हायला मला पुष्कळ काळ लागला. त्या काळात दादा माझ्यावर ओरडले नाहीत असं मी म्हणणार नाही. स्प्रिंग तुटली म्हणून रबरबँडनं चाव्या बांधणाऱ्या लोकांवर ते ओरडतात तितके ओरडले नाहीत, एवढंच.

चुकांविषयी मात्र ते मोठे उदार आहेत, कारण स्वतःची चूक ते सर्वांत आधी सांगतात. क्लॅरिनेटच्या वरच्या टोकाशी दोन चाव्या शेजारी असतात आणि एकीवरचा बारीकसा स्क्रू दुसरीवर टेकलेला असतो. तो केसभर जास्त आवळला, तर शेजारचं पॅड अधांतरी राहतं आणि सगळं वाद्य नुसतं किंचाळतं. पण तो असतो अगदी डोळ्यांसमोर, त्यामुळे हातात स्क्रूड्रायव्हर आला की प्रत्येक जण तोच फिरवतो. तरुणपणी एका लग्नाला जाताना दादांनीही तो फिरवला. नवरीच्या दारात बँड उभा राहिला आणि यांच्या क्लॅरिनेटमधून किंकाळीशिवाय काही निघेना. वडिलांनी सर्वांसमक्ष क्लॅरिनेट काढून घेतलं आणि मुलाच्या हातात झांजा दिल्या. “चर्चपर्यंत वाजवल्या झांजा,” दादा सांगतात, “आणि नवरीच्या मैत्रिणी हसतायत. त्यात मार्थापण होती.” हा स्क्रू कुणी आवळून आणला की ते त्याला रागवत नाहीत, ही गोष्ट सांगतात. मार्थावहिनी वरून ओरडतात, “मी हसले नव्हते हं!” मला वाटतं, त्या हसल्या असाव्यात.

हिवाळा हा दादांचा सर्वांत धामधुमीचा काळ. घरोघर हीटिंग सुरू होतं, हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि चाव्या ज्या खांबांवर फिरतात ते खांब जरासे कलतात. काल सुरळीत चालणारी चावी आज अडकून बसते. लोक घाबरून येतात. दादा आधी विचारतात, “ह्युमिडिफायर कुठं ठेवलाय?” बहुतेकांनी तो स्वतःच्या बेडरूममध्ये ठेवलेला असतो. “तुमचं ठीक आहे हो, तुम्ही पाणी पिता. ह्याला कोण पाजणार?” म्हणून वाद्य ठेवून घेतात आणि काही दिवस त्याला नुसतं बरं वाटू देतात. ज्याला दुरुस्तीची गरज नाही त्याला हत्यार लावायचं नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

त्यांच्या शेजारी मारिओ राहतात. त्यांच्या इटालियन चर्चच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवतात. घरच्या गॅरेजमध्ये लाकूड कापताना करवतीनं त्यांच्या डाव्या अनामिकेचं टोक गेलं. क्लॅरिनेटवर त्या बोटाखाली उघडं भोक असतं, ते बोटाच्या मांसानंच झाकायचं. ते झाकलं गेलं नाही, तर तिथपासून खालचा एकही सूर धड येत नाही. मारिओंनी वाद्य विकायला काढलं. दादा त्यांच्या गॅरेजमध्ये गेले आणि विकायला काढलेलं क्लॅरिनेट उचलून घेऊन आले. त्या भोकाशेजारी त्यांनी दोन खांब बसवले आणि त्यांवर एक छोटं झाकण चढवलं: आत पॅड, खाली स्प्रिंग. आता बोट कुठेही टेकलं तरी झाकण बरोबर भोकावर बसे. झाकण उघडं असताना किती उंच राहावं यावर त्यांनी अनेक संध्याकाळी घालवल्या, कारण ते जवळ राहिलं तर सूर दबतो आणि लांब गेलं तर बोट उशिरा पोहोचतं. मारिओ लाजले. असलं झाकण लावून बँडमध्ये कसं बसू, म्हणाले.

दादा म्हणाले, “मारिओ, यू वेअर ग्लासेस, नो? धिस इज ग्लासेस फॉर द फिंगर.”

बोटाचा चष्मा! मारिओ आजही वाजवतात आणि भेटेल त्याला झाकण दाखवतात.

माझ्या घरावरही दादांची अशीच माया आहे. माझे यजमान हॉस्पिटलात होते त्या हिवाळ्यात मी घरी येई तेव्हा ड्राइव्ह-वे साफ असे. मी समजत होते, समोरचा कोणी शोव्हल करतो. एका सकाळी लवकर निघाले, तर सत्तरी ओलांडलेले दादा टोपी कानांवर ओढून बर्फ काढत होते. मी रागावले. म्हणाले, “ट्रेडमिलचे पैसे वाचले, बाय.” यजमान घरी आल्यावर आम्ही आमच्या रिवाजाप्रमाणे मलिदा केला. पोहे, खोबरं, खजूर, फळं असं ताट घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तर आमच्या प्रार्थनेनंतरच ताटाला हात लावायचा म्हणून दोघं नवराबायको हात जोडून उभी राहिली. वहिनींच्या घरी सणाला काहीही शिजो, आमच्यात डुकराचं चालत नाही म्हणून माझ्यासाठी नारळाच्या रसातल्या माशांचं पातेलं वेगळं असतं. ते त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला खरोखर होकार दिला, ते सांगते. दादांची परवानगी घेतली आहे. “लिही, पण रडगाणं करू नको,” असं बजावलं आहे.

दादांची नात नेरिसा हिचं गेल्या उन्हाळ्यात लग्न झालं. तिच्या आईच्या लग्नात, वसईला, घरापासून चर्चपर्यंत दादांनी वडिलांच्या क्लॅरिनेटवर वाजवलं होतं. त्याचा व्हिडिओ बघत नेरिसा मोठी झाली. लग्न ठरल्याबरोबर ती बेसमेंटमध्ये आली. दादा तिच्याशी मराठीत बोलतात, ती इंग्रजीत उत्तर देते, दोघांचं छान जमतं.

“आजा, यू आर प्लेइंग फॉर मी. सेम क्लॅरिनेट, सेम ट्यून. आय डोन्ट वॉन्ट अ डीजे फॉर दॅट पार्ट.”

“बघू.”

“नो ‘बघू’. प्रॉमिस.”

दादांनी कबूल केलं. मिसिसॉगाहून वसईचे जुने वाजवणारे येणार होते, ट्रम्पेट आणि ढोल ठरले होते. आणि लग्न जवळ आलं तसं दादांचं क्लॅरिनेट खालच्या सुरांना दगा देऊ लागलं.

त्या क्लॅरिनेटला दादा कोणाला हात लावू देत नसत. मी एक दिवस बेसमेंटमध्ये उतरले, तर ते टेबलावर उघडं पडलं होतं. पूल हलवलेला होता, खालची पॅडं बदललेली होती, स्प्रिंगा काढलेल्या होत्या, बुचाचे तुकडे नवे चिकटवलेले होते. सगळं एकदम. ज्या माणसानं आयुष्यभर एका वेळी एकच गोष्ट हलवली, त्यांनी सगळं एकदम हलवलं होतं. मला फार वाईट वाटलं. दादा घाबरले आहेत, हे मला त्या टेबलावरून कळलं.

“कागद सगळीकडं सारखाच लागतोय मला,” ते म्हणाले. “काही कळत नाही. तू बघ.”

मी बसले. एकेका पॅडखाली कागद सरकवला. दादांनी घाईत केलेलं कामसुद्धा दादांचंच होतं. प्रत्येक पॅड घट्ट बसत होतं. मग वरचा तुकडा घेतला, त्याचं खालचं तोंड तळव्यानं बंद केलं, सगळी भोकं बोटांनी झाकली आणि हवा ओढली. हवा धरून राहिली. वाद्य निर्दोष होतं.

तेव्हा मी धीर करून म्हणाले, “दादा, आधी वाजवून दाखवा.”

त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मग क्लॅरिनेट जोडलं आणि वाजवायला घेतलं. मी त्यांनीच शिकवल्याप्रमाणे वाद्याकडे न बघता हातांकडे बघत राहिले. डावी अनामिका भोकाच्या कडेवर टेकत होती आणि एक बारीक फट उरत होती. त्यांना ती जाणवत नव्हती. दादांना कित्येक वर्षांचा डायबिटीस आहे आणि बोटांची टोकं बधिर होत चालली आहेत, हे वहिनींशिवाय कोणाला माहीत नव्हतं. म्हणूनच कागदही सगळीकडे सारखा लागत होता.

हे त्यांना सांगायचं कसं? लॅबमध्ये मी रिपोर्ट तयार करत असे, पेशंटला सांगायला डॉक्टर असत. इथे मीच होते. शेवटी त्यांच्याच तोंडचं वाक्य उसनं घेतलं. “दादा, क्लॅरिनेट ठीक आहे. एका बोटाची आणि त्याची ओळख जरा कमी झालीय.”

त्यांनी विचारलं, “कुठलं बोट?”

“डावी अनामिका.”

त्यांनी ते बोट दिव्याखाली धरून उलटसुलट बघितलं, एखादी झिजलेली चावी बघावी तसं. वाद्य पेटीत ठेवलं आणि म्हणाले, “नेरिसाला सांग, फोनवरचं म्युझिक लावा. आजकाल स्पीकर चांगले मिळतात.”

मला राग आला. खराखुरा. “मारिओंना बोटाचा चष्मा आणि तुम्हाला लाज?” मी म्हणाले. “त्यांचं क्लॅरिनेट गॅरेजमधून उचलून आणलंत ते कशाला?”

“माझी वाक्यं मलाच ऐकवतेस?”

“शिकवलीत कशाला मग?”

जिन्यावरून वहिनींचा आवाज आला, “ऐकवू दे! आज मी खरंच हसतेय!”

दादा हसले. पेटी पुन्हा उघडली. वडिलांच्या लाकडावर त्यांनी पेन्सिलीनं दोन ठिपके काढले, खांब बसवायच्या जागा, आणि ड्रिल माझ्याकडे सरकवलं. “तू कर. मला आता लाकूड कळायचं नाही.” मी ते उचललं आणि परत खाली ठेवलं. चुकलं असतं, तर त्यांच्या वडिलांची आठवण आणि नातीचं लग्न दोन्ही माझ्या हातून गेलं असतं. दादा म्हणाले, “हात हलतोय तोवर चहा पी, मग ये. लाकूड कुठं जात नाही.” मी चहा प्यायले आणि मग भोकं पाडली. झाकण दादांनी स्वतः घासून तयार केलं, जोडाला सोल्डरचा डाग त्यांनीच दिला, कारण त्याला डोळे पुरतात. कागद मी ओढला. उंची आम्ही दोघांनी भांडत भांडत ठरवली.

लग्नाच्या सकाळी नेरिसा घरातून निघाली आणि आमची छोटी मिरवणूक त्या शांत रस्त्यावर आली. शेजारी कॉफीचे मग घेऊन लॉनवर उभे राहिले होते. मारिओ आपलं क्लॅरिनेट घेऊन न बोलावताच सामील झाले. जमलेले सगळे नवरीकडे बघत होते, मी एकटी एका डाव्या अनामिकेकडे बघत होते. चालीच्या शेवटी तो खालचा सूर येतो, जिथे इतके दिवस चिरकी निघत होती. झाकण बसलं. सूर आला, जाड आणि गोल, आणि दादांनी तो दम संपेपर्यंत धरून ठेवला. नेरिसानं गाऊन सावरत टाळ्या वाजवल्या. “आजा, अगेन!” ती ओरडली आणि दादांनी तो पुन्हा वाजवला. मी रडले. दादांनी रडगाणं करू नको म्हटलं होतं, पण ते लेखापुरतं, असं मी धरून चालले.

आपल्या हातून काय निसटलं हे बघून घेणं आणि आपलंच शहाणपण आपल्या शिष्येकडून परत ऐकून घेणं, हे पंचाहत्तरीच्या माणसाला सोपं नसतं. दादांनी ते केलं. अशा माणसाकडे मी शिकले, हे मला पुन्हा एकदा छाती काढून सांगायचं आहे.

दादा, तुम्हाला आणि मार्थावहिनींना उदंड आयुष्य लाभो, साखर आटोक्यात राहो आणि नेरिसाच्या मुलांच्या लग्नांतही तुमचं क्लॅरिनेट सगळ्यांच्या पुढे चालो. बाकीच्या बोटांची काळजी करू नका. फावल्या वेळात मी प्रत्येकासाठी एकेक झाकण करून माझ्या खणात ठेवलं आहे. उजवा अंगठा वाद्य नुसतं तोलतो आणि करंगळ्या आधीच चाव्यांवर असतात, तेवढ्यांना लागणार नाही. ज्या दिवशी दुसऱ्या बोटाला चष्मा हवासा वाटेल, त्या दिवशी हाक मारा, मी ड्रिल घेऊन येते. पण आधी वाजवून दाखवा.